बिननावाचा साचा

माणसाला न बघताच त्याच्याबद्दल मत ठोकून देणारे लोक गल्लोगल्ली सापडतात. कवळीमास्तरांचा मात्र तो पोटापाण्याचा उद्योगच होता. दात गमावलेला माणूस त्यांच्यासमोर कधी यायचा नाही. तो दवाखान्यात डॉक्टरांच्या खुर्चीवर आ करून बसायचा, डॉक्टर त्याच्या तोंडाचं माप घ्यायचे, आणि मास्तरांकडे यायचा तो नुसता प्लास्टरचा साचा. वरचा जबडा, खालचा जबडा, दोन्हींच्या मधे चावून घेतलेला मेणाचा तुकडा आणि वर नाव लिहिलेली चिकटपट्टी. एवढ्यावरून त्याला दात द्यायचे.

नुसतं मोजमाप घेऊन दात बसवणारे कारागीर पुष्कळ असतात. मास्तरांची रीत वेगळी. ते साचा घेऊन खिडकीशी जायचे, हिरड्यांवरून अंगठा फिरवायचे, उरलेले दात कुठे झिजलेत ते बघायचे आणि त्यातून एक माणूस उभा करायचे. "हा गडी तापट आहे, पण घरी मांजर," असं पुटपुटायचे. "ही आजी हसताना तोंडावर हात धरते. हिला एक सुळा जरासा वाकडा देऊ, म्हणजे आपलेच दात वाटतील तिला." आता ती आजी खरोखर हात धरायची का, हे देवालाच ठाऊक. पण चुकीचा का होईना, एक माणूस डोळ्यांसमोर असल्याशिवाय मास्तरांचा हात चालायचा नाही. आणि त्यांची कवळी सहसा परत यायची नाही, हेही खरं.

अलीकडे मास्तर थकले होते. इमारतीच्या मागच्या बाजूची ती खोली, प्लास्टरची धूळ, वितळलेल्या मेणाचा वास आणि दिवसभर किरकिरणारं पॉलिशचं मशिन, यात उमेदीची सगळी वर्षं गेली होती. भुवया धुळीने पांढऱ्या व्हायच्या. पूर्वी त्या संध्याकाळी धुतल्या की काळ्या व्हायच्या, आता धुतल्या तरी पांढऱ्याच राहायच्या. खोलीत सोबतीला होत्या त्या पॉलिशकाकू. मास्तरांनी बनवलेली कवळी घासून चकचकीत करणं हे त्यांचं काम, आणि मास्तरांच्या गोष्टी ऐकणं हे त्यांचं दुसरं काम, ज्याचा पगार नव्हता.

बिनपगारी ऐकणारं आणखी एक माणूस घरी होतं. मास्तर जेवायला बसले की दिवसभराची माणसं ताटाशेजारी आणून बसवायचे. तापट गडी काय, हात धरणारी आजी काय, सगळी पंगतच. बायको शांतपणे ऐकायची. अशी ऐकणारी बायको मिळायला नशीब लागतं, असं मास्तर चारचौघांत सांगायचे आणि तेव्हाही तिला बोलू द्यायचे नाहीत.

गंमत म्हणजे बोलणं हा तिचा धंदा होता. बस स्टँडवर माईकसमोर बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगणारी ती बाई. तिचा चेहरा कोणी पाहिला नव्हता, पण तिच्या आवाजावर अख्खं गाव धावत सुटायचं. मग तिच्या हिरड्यांचं दुखणं वाढलं. वरचे दात एकेक करून हलायला लागले आणि शेवटी डॉक्टरांनी हात टेकले. वरचे सगळे दात काढावे लागले. ती रजेवर घरी बसली. नेमका त्याच सुमारास गावाबाहेर मोठा नवा स्टँड तयार झाला. जुने दोन स्टँड बंद होणार, नव्या ठिकाणी दिवसपाळीला एकच आवाज ठेवणार, आणि त्यासाठी सगळ्यांची चाचणी घेणार, असं ठरलं. महिनाभराने चाचणी होती. तिला ती खुर्ची हवी होती. कधी काही न मागणाऱ्या बाईने ही एक गोष्ट उघडपणे मागितली होती. "मला तिथे बसायचंय," एवढंच ती म्हणाली.

हे ऐकून सगळ्यात आधी चेकाळला तो तिचा धाकटा भाऊ. त्याला सगळे 'होईल' म्हणायचे, कारण कुठल्याही प्रश्नाला त्याचं तेच उत्तर. भाड्याच्या हॉलमध्ये तो लोकांना यशस्वी कसं व्हावं ते शिकवायचा. डोळे मिटा, हवं ते मिळालं आहे असं चित्र मनात रंगवा, चांगलाच विचार करा. त्याची स्कूटर रोज सकाळी सुरू व्हायची नाही. तिच्याबद्दलही तो चांगलाच विचार करायचा आणि मग ढकलत न्यायचा.

"ताई, मीट डोळे," तो म्हणाला. "नव्या स्टँडवरची खुर्ची बघ. दिसतेय?"

"दिसतेय."

"माईक?"

"तोही दिसतोय."

"शाब्बास! आता स्वतःला बोलताना बघ."

ती बराच वेळ डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "तोंड मिटलेलंच दिसतंय रे."

"हा नकारात्मक विचार झाला, ताई."

"विचार कसला? दिसतंय ते सांगतेय."

मास्तर कोपऱ्यात बुटांना ब्रश मारत होते. ते हसले आणि म्हणाले, "अरे, दात नाहीत म्हणून तसं दिसतंय. दात माझ्यावर सोडा. बाहेरच्यांना एवढे दिले, घरच्या माणसाला देताना काय कठीण आहे?"

कठीण आहे, हे त्यांना कळलं नाही, कारण त्यांना ते सोपं वाटलं. बायकोचा साचा आला तेव्हा मास्तर खिडकीशी गेलेच नाहीत. अंगठा फिरवला नाही की खालच्या जबड्याकडे धड पाहिलं नाही. रोजच्या गल्लीतून जाताना पाट्या कोण वाचतो? हिचे दात कसे होते ते त्यांना पाठ होतं. टपोरे, पांढरेशुभ्र, हसली की खालचा ओठ झाकणारे. त्यांनी तस्सेच बनवले.

आता हे दात होते लग्नाच्या वेळच्या मुलीचे. बसवायचे होते ते पन्नाशी ओलांडलेल्या, हिरड्या बसलेल्या तोंडात. ते तोंडात घातल्यावर बायकोचे ओठच मिटेनात. नुकतीच कोणीतरी वाईट बातमी सांगावी तसा चेहरा झाला. बोलायला गेली की वरचे दात खालच्यांवर आपटून टक् टक् आवाज यायचा. मास्तर म्हणाले, "सवय होईल." झाली नाही. मग त्यांनी दुसरी कवळी केली. रंग उतरवला, आकार थोडा लहान केला, पण डोक्यातली ती मुलगी काही हलली नाही. दात पुन्हा तेवढेच उंच झाले.

"कशी आहे?" मास्तरांनी विचारलं.

"छान आहे," बायको म्हणाली.

मास्तरांनी त्यावर विश्वास ठेवला. ठेवायला सोयीचा होता. एके दिवशी कंबर धरली म्हणून ते दुपारीच घरी आले, तर कवळी स्वयंपाकघरात पाण्याच्या वाटीत पडलेली आणि बायको आरशासमोर उभी राहून बोळक्या तोंडाने सराव करत होती. फलाट, पाच, परतीची गाडी. शब्दांमधून नुसती हवा जात होती. तिने मास्तरांना आरशात पाहिलं आणि चटकन तोंडावर हात धरला.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "छान आहे म्हणालीस ना? मग वाटीत कशाला? आजवर माझी कवळी परत आली नाही, आणि घरच्याच माणसाने..."

"दुखते," ती म्हणाली.

"मग सांगायचं नाही?"

तिने वाटी उचलली, ओट्यावरच्या कोपऱ्यात सरकवली आणि गॅस पेटवला. मास्तर तणतणत आडवे झाले. चाचणी दहा-बारा दिवसांवर आली होती. होईलचा फोन आला, त्याने विचारलं की ताई रोज चित्र बघते ना. मास्तरांनी फोन न बोलताच ठेवून दिला. आयुष्यभर जे काम केलं ते ऐन गरजेला हातून होत नाही, याने त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. राग बायकोचा नव्हताच, पण तो घरात दुसऱ्या कोणावर काढणार?

दुसऱ्या दिवशी पॉलिशकाकूंसमोर त्यांनी सगळी रडगाणी गायली. काकू मशिनच्या आवाजावर ओरडून म्हणाल्या, "बाकीच्यांची गोष्ट रचता, वहिनींची काय रचलीत?"

"तिची काय रचायची? ती माहितीच आहे."

"मग तिथेच घोडं अडलंय तुमचं," काकू म्हणाल्या आणि पुढची कवळी घासायला घेतली.

मास्तर दिवसभर त्यावर कुढले, आणि संध्याकाळी त्यांनी एक विचित्र बेत काढला. डॉक्टरांना सांगून बायकोच्या तोंडाचं माप नव्याने घेतलं. त्याच आठवड्यात आणखी तीन बायकांची मापं आली होती, तिघींचे वरचे दात गेलेले. मास्तर काकूंना म्हणाले, "या चारही साच्यांवरच्या पट्ट्या काढा. आकडे टाका. कुठला कोणाचा ते तुमच्या डोक्यात ठेवा. मला सांगायचं नाही."

"आणि तुम्हाला ओळखू आला तर?"

"आला तर आला. पण मी शोधणार नाही." असा खुळेपणा दुसऱ्या कुठल्या कारागिराने केला नसता. पण अनोळखी माणूस असला तरच त्यांची कल्पना चालायची, त्याला ते काय करणार?

पहिला साचा त्यांनी मनातल्या मनात बागेची आवड असलेल्या एका बाईला देऊन टाकला. का, ते विचारू नका, मास्तरांचं कारण त्यांच्याजवळ. दुसरी त्यांच्या मते हिशेबी, नातवंडांना धाकात ठेवणारी. शोधणार नाही म्हणूनही त्यांनी मनात ठरवून टाकलं, आपली बायको ती हीच. टपोऱ्या दातांची मुलगी पुढे अशीच झाली असणार, असं त्यांना वाटत होतं. दुसऱ्या साच्याचे दात त्यांनी मन लावून केले, थोडं गुणगुणलेही. मग तिसरा साचा उचलला आणि खिडकीशी गेले.

तिथे ते बराच वेळ उभे राहिले.

"ही बाई दमलीय हो, काकू," ते म्हणाले. "खालच्या दाढा बघा. घासून सपाट झाल्यात. ही दातावर दात दाबून बसत आलीय, वर्षानुवर्षं. उजवीकडचा हा लहानसा दातही बघा, अंग चोरून आत वळलाय. आणि हे मेण बघा, केवढं घट्ट चावलंय. डॉक्टरांनी तोंड मीट म्हटलं की ही मिटते ती मिटतेच."

काकूंनी हातातली कवळी खाली ठेवली.

"घरात कोणीतरी बडबड्या असणार," मास्तर रंगात येऊन पुढे म्हणाले. "सतत आपलंच घोडं पुढे दामटणारा. हिला कोणी विचारतच नसेल, बाई गं, आज तुझं काय झालं? ही आपली मूग गिळून बसलेली. असल्या माणसाच्या तर कानफटात द्यावीशी वाटते."

काकूंनी मशिन बंद केलं.

"काय झालं?"

"काही नाही. पट्टा तापलाय."

मास्तर कामाला लागले. हिला मोठे दात दिले तर ही बोलायचं सोडून दातच सांभाळत बसेल, असा त्यांनी विचार केला. म्हणून दात बुटके घेतले. कडा थोड्या झिजवल्या, कारण एवढं सोसलेल्या तोंडात कोरे करकरीत दात शोभले नसते. उंची कमी केली, म्हणजे बोलताना वरचे दात खालच्यांना लागणार नाहीत. पुढच्या दातांमागे जिभेला मोकळी जागा ठेवली. मेणात बसवलेले दात त्यांनी चारदा काढून पुन्हा लावले. कंबर ठणकत होती, डोळ्यांना पाणी येत होतं, पण त्या न पाहिलेल्या बाईची त्यांना फार दया आली होती. हिला तोंड उघडणं सोपं जायला हवं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

कवळी तयार झाली, काकूंनी ती घासली, पुसली आणि मास्तरांच्या हातात देताना म्हणाल्या, "मास्तर, ही वहिनींची."

मास्तर हसले. "थट्टा नको."

काकू हसल्या नाहीत. मास्तरांनी खालचा जबडा पुन्हा हातात घेतला. उजव्या बाजूला आत वळलेला एक लहानसा दात होता. तो त्यांनी हजारदा पाहिला होता, आणि याही वेळी पाहिला होता. तो त्यांनी काकूंनाही दाखवला होता. पण तो आपल्या घरचा आहे हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ते स्टुलावर बसले. एवढी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. कोणी शिव्या घातल्या असत्या तर उलट बोलता आलं असतं, पण सगळं तेच बोलून बसले होते.

"कानफटात द्यायची राहिलीय," काकू म्हणाल्या आणि त्यांच्यासाठी चहा सांगायला गेल्या.

घरी बायकोने कवळी तोंडात घातली. जीभ फिरवली. ओठ मिटले, कुठेही न ताणता मिटले. ती आरशाकडे गेली नाही, उभ्या जागी म्हणाली, "फलाट क्रमांक पाच. परतीची गाडी पाचवर लागलेली आहे." टक् टक् झालं नाही. आवाज जरा जाडसर झाला होता, पण तिचाच होता.

"बसली," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "ही कशी जमली?"

मास्तरांना गप्प बसता आलं असतं. तसं बसण्याची त्यांना सवय नव्हती, हे एकदाच उपयोगी पडलं. त्यांनी चार साच्यांची हकिकत सांगितली. खिडकीशी काय काय बोलले ते सांगितलं, बडबड्याचंही सांगितलं. "आणि मी तुला ओळखलं नाही," ते म्हणाले. "काकूंनी सांगितलं तेव्हा कळलं. दुसरीलाच तू समजून बसलो होतो."

बायको खुर्चीवर बसली. "अनोळखी बाईचं एवढं सगळं कळतं तुम्हाला," ती म्हणाली.

मास्तर तिच्यासमोर बसले.

"मला तुमच्या सगळ्या माणसांच्या तब्येती माहीत आहेत. तो तापट गडी, ती आजी. माझ्या खिडकीशेजारी बसायची ती तिकीटवाली गेली ना, त्या दिवशी मी घरी आले तर तुम्ही त्या आजीच्या वाकड्या सुळ्याचं सांगत होतात. म्हटलं, यांचं संपलं की सांगू." ती थांबली. नवे दात जिभेने चाचपून पुन्हा म्हणाली, "संपलंच नाही."

"तिकीटवाली गेली?" मास्तर म्हणाले. "कधी?"

"झाली की दोन वर्षं."

मास्तरांनी त्या तिकीटवालीबद्दल विचारलं. ती कशी होती, काय झालं, शेवटी कोण होतं जवळ. बायकोने थोडं सांगितलं, थोडं सांगितलं नाही. जेवण गार झालं. त्या जेवणाला तिसरं कोणीही आलं नाही.

चाचणीच्या दिवशी होईलही आला. नव्या स्टँडच्या कचेरीबाहेर बाकावर तो डोळे मिटून, तळहात वर करून बसला आणि बंद दाराकडे चांगले विचार सोडू लागला. येणारेजाणारे त्याच्याकडे बघून बाजूने जात होते. मास्तर शेजारी बसले. आत बायको होती, आणखी काही बाया होत्या, टेबलापलीकडे कोणी साहेब असणार. साहेब कसा असेल, जाडा असेल, तिला मधेच तोडत असेल... मास्तरांच्या डोक्यात गाडी सुटली आणि त्यांनी तिला तिथेच ब्रेक लावला. आत काय चाललंय ते आपल्याला माहीत नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. असं नुसतं माहीत नसताना बसून राहणं त्यांना भलतंच जड गेलं.

दार उघडलं तेव्हा दुपार कलली होती. बायको बाहेर आली, चेहरा उतरलेला. होईल ताडकन उठला.

"मला घेतलं," ती म्हणाली. "सोमवारपासून."

"बघितलंस!" होईल ओरडला. "चित्र! ताई, शेवटी चित्राने काम केलं की नाही?"

"हो रे बाबा," ती म्हणाली. वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं आणि भावाचा आनंद खरा होता. तो पुढच्या वर्गात ही गोष्ट सांगणार, आणि त्या गोष्टीत कवळीचा उल्लेखही नसणार, हे मास्तरांना दिसत होतं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. वाटून घ्यायलाही अंगात जोर लागतो.

परतीच्या बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. बायकोने खिडकीला डोकं टेकलं. मास्तरांच्या ओठांवर दहा प्रश्न आले होते. त्यांनी त्यातला एकच निवडला आणि तोही सावकाश विचारला, "आत काय काय झालं गं? सगळं सांग."

"आज नको हो," ती डोळे मिटूनच म्हणाली. "बोलून बोलून जीव गेलाय. उद्या विचारा."

बस दोन थांबे पुढे गेली. मास्तरांना वाटलं, तिला झोप लागली.

"पण विचारा," ती म्हणाली.